आधी आपलं नाव सांगा

जांभूळवाडी, ता. मुरबाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रवीस ताईचे अनेक आशीर्वाद. योगिनीला आणि कुणालीलाही तेवढेच, कमीजास्त झाले तर आपसांत वाटून घ्या.

पत्र बघून हसशील. घरात दोन फोन असताना ताईला लिहायची हौस कुठून आली म्हणशील. तर ऐक. आमच्याकडे रेंज येते ती फक्त अंगणात, आणि अंगणात दिवसभर बसलेले असतात तुझे दाजी. बोलायचंय त्यांच्याविषयीच, मग त्यांच्यासमोर कसं बोलू? आमच्या वाडीतला सुनिल एक दिवसाआड भेंडी घेऊन शहापूरच्या बाजारात टेम्पो नेतो. त्याच्याकडे हे पाकीट देते. तूही उत्तर त्याच्याच हाती दे. पोस्टाच्या भरवशावर राहिलास तर ते पत्र आमच्या भाविकाची पोरं वाचतील, आणि तिचं तर अजून लग्न व्हायचंय.

भात झोडून झालं. यंदा दाणा बरा भरलाय. घरची बातमी मात्र बरी नाय रे.

तुझ्या दाजींचं काहीतरी बिनसलंय. आधी वाटलं वयाचं विसरणं आहे, कोण विसरत नाय. पण दसऱ्याला त्यांनी मला विचारलं की बैलांना वैरण घातली का. बैल विकून किती वर्षं झाली तुला माहीत आहे. मग एके दिवशी शेजारच्या गोजरच्या घरात शिरले, सदरा काढून खुंटीला लावला आणि त्याच्या सुनेला आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. ती बिचारी ओरडत बाहेर आली. मी म्हटलं चेष्टा केली ह्यांनी. लोक हसले, मीही हसले, आणि घरी येऊन चुलीपुढं बसून रडले.

दिवाळीत जया वन्सं आल्या. आल्या तशा कमरेवर हात ठेवून ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, वळाखला का मना. आपल्याकडं सगळेच विचारतात, म्हाताऱ्या माणसाची ती एक गंमतच असते. पण ह्यांच्या कपाळावर घाम आला रे. सख्खी बहीण, आणि नाव सापडंना. शेवटी आई म्हणाले. सगळं घर हसलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

टोकावड्यापासून किन्हवलीपर्यंत ह्यांच्याशिवाय, म्हणजे रघू पंचांशिवाय, क्रिकेटचा सामना लागत नव्हता. त्यांनी बोट वर केलं की माणूस मागं न बघता निघून जायचा. आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याने ह्यांची परीक्षा घ्यायची?

म्हणून मी फाटकाला बाहेरून कडी घालते. गुडघे दुखतात, बाहेर पडत नाहीत असं सांगते. खर्डीच्या धर्मा भाऊंकडून भाविकाला मागणं आलंय, त्यांचा मितेश तुझ्याच कारखान्यात आहे म्हणे. मुलीला पोरगा पसंत आहे, विचारल्यावर लाजून स्वयंपाकघरात जाते. पण बाप वेडा आहे असं एकदा कानावर गेलं की कोण सोयरीक करील? काय करायचं तू सांग. आणि कोणाला बोलू नको. समालोचन करून करून तुझ्या तोंडाला माईक लागलाय, ही गोष्ट माईकवर जाता कामा नये.

माया आहे तेवढी असू दे, जास्त झाली तरी तक्रार नाय.

तुझी,
कमळताई

---

सापगाव, ता. शहापूर
२३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस रवीचा सा. न. वि. वि. पाठ धरलीय म्हणून अर्धाच साष्टांग घातलाय, उरलेला समोर आल्यावर घालीन.

तुझं पत्र कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचलं आणि ताट तसंच सरकवून उठलो. दाजींनी मला बॅट धरायला शिकवली, ताई. मी धावबाद आहे हे त्यांनीच मला भर मैदानात सांगितलं होतं, मेव्हणा आहे म्हणून सोडलं नव्हतं. तू इतके महिने हे एकटीने दाबून बसलीस याचा मला राग आलाय. तो नंतर काढीन.

आता कामाचं. शहापुरात एक डॉक्टरीणबाई महिन्यातून दोनदा विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तपासायला बसतात. मी जाऊन भेटलो. लांबचे एक काका आहेत असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की काका नक्की किती लांबचे. त्या म्हणाल्या, हे वेड नाही, बाहेरचं नाही, कुणी केलेलं नाही. मेंदूचा आजार असतो, डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. कधी कधी थायरॉइड किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही विसरायला होतं, म्हणून आधी रक्त तपासायचं. सात डिसेंबरला दाजींना घेऊन ये. सुनिलच्या टेम्पोत पुढं बसव, भेंडीवर नको.

एक गंमत सांगतो. या बाईंनी लोकांना आजार कळावा म्हणून आपल्या आवाजात छोट्या ध्वनिफिती केल्यात, फोनवर ऐकायला. वाचता येत नसेल त्यालाही कळावं हा हेतू. मला ऐकवल्या. ज्येष्ठ नागरिकांमधील संज्ञानात्मक ऱ्हास असं सुरू झालं आणि दुसऱ्या वाक्याला मला जांभई आली. त्यांनी पाहिलं आणि त्याच हसल्या. म्हणाल्या, माझ्या आईनेसुद्धा मधेच बंद केलं. मग मला म्हणाल्या की तुम्ही समालोचक आहात ना, तुमचं लोक तासन् तास ऐकतात, मदत करा.

जानेवारीत आपला सापगाव चषक आहे. यूट्यूबवर लाइव्ह असतो, खर्डीपासून मुरबाडपर्यंत भाजीवाल्या, रिक्षावाले, दुकानदार, सगळे लावून बसतात. दोन षटकांच्या मधे आपण पुरस्कर्त्यांची नावं घेतो, तिथंच बाईंचं काम करतो असं ठरलंय. दाजींचं नाव, गाव, नातं, काहीही तोंडातून निघणार नाही. तू सांगितलंस, विषय संपला.

कडी मात्र काढ. निदान ते जागे असताना.

राग आहे, पण त्याखाली प्रेमच आहे, ते मोजून घे.

तुझा,
रवी

---

जांभूळवाडी
१० डिसेंबर २०२४

चि. रवीस आशीर्वाद.

तू त्या दिवशी सोबत होतास, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला कुठं दिसलं, म्हणून लिहिते.

मला वाटत होतं, डॉक्टरीणबाई आत जाताच ह्यांची परीक्षा घेतील. त्यांनी पहिल्यांदा खुर्ची ह्यांच्यासमोर ओढली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं. ह्यांचा चेहरा सैल झाला रे. मला वाटलं, एवढंच होतं होय?

मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या की रक्ताचा अहवाल येऊ दे, पण मला स्मृतिभ्रंशच वाटतोय. गेलेलं परत आणून देणारं औषध नाय. जे आहे ते जास्त दिवस टिकवता येईल, आणि माणूस सुखात राहू शकेल, ते मात्र आपल्या हातात आहे. मी विचारलं, सुखात म्हणजे कसं. त्या म्हणाल्या, घाबरवायचं नाय, घाई करायची नाय, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि परीक्षा घ्यायची नाय. मी जया वन्संचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, रोज कोणीतरी तुम्हाला भर चौकात पाढे म्हणायला लावले तर तुम्ही चौकात जाल का? मी म्हटलं, मला सातापुढं कधीच येत नव्हते.

घरी आल्यावर मी भाविकाला सांगून टाकलं की आता आपणच पहिल्यांदा नाव सांगायचं. मैदानात फलंदाज आला की तू माईकवर त्याचं नाव-गाव सांगतोस ना, तसं. सकाळी ती चहा घेऊन जाते आणि म्हणते, बाबा, मी भाविका. हे म्हणतात, बस. मग जरा वेळानं स्वतःच तिला भावी म्हणून हाक मारतात. नाव आधी हातात दिलं की बाकीचं त्यांचं त्यांना सापडतं.

कडी अजून आहे. तुझं ऐकलं नाय असं नाय, पण परवा हे विहिरीकडं निघाले होते. आणि खर्डीची माणसं संक्रांतीनंतर येणार आहेत. ते एक पार पडू दे.

योगिनीनं पाठवलेले पोह्याचे पापड पोचले. एक चुलीवर भाजला तो ह्यांनीच खाल्ला, दुसराही.

ओढ ठेव.

तुझी,
ताई

---

सापगाव
८ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा भाऊ पहिल्याच दिवशी शून्यावर बाद झाला, ते ऐक.

सामने रविवारी सुरू झाले. पहिल्या षटकानंतर मी छाती फुगवून जाहीर केलं की या षटकात आपल्याला लक्षात ठेवायचं आहे एक नाव, डिमेन्शिया. वर दोनदा घोळवून म्हटलं, षटकार मारल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश. दुपारी चहाच्या टपरीवर एका माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं की वाशिंदला ही डिमेन्शिया नावाची नवीन बिल्डिंग कुठल्या बाजूला उठतेय आणि वन बीएचके आहे का. अजून एकजण म्हणाला की पुढल्या वर्षी आमच्या टीमचे टी-शर्ट त्यांच्याकडूनच घ्या, मोठी पार्टी दिसतेय. षटकांच्या मधे मी आजवर बिल्डर आणि हार्डवेअरवाल्यांचीच नावं घेत आलोय, लोकांचं काय चुकलं?

डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पलीकडं कोणीतरी पाणी आणून दिल्याचं ऐकू आलं.

मग दुसऱ्या दिवशी मी आजाराचं नावच काढलं नाही. तुझ्या पत्रातलं वाक्य घेतलं. खर्डीचा मितेश फलंदाजीला आला तेव्हा म्हटलं, बघा, हा खर्डीचा मितेश, धर्मा भाऊंचा मुलगा, मैदानात आला की आपण त्याचं नाव सांगतो, मला ओळखलं का असं तो पंचांना विचारत बसत नाही. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण का विचारतो? त्याला आठवत नसेल तर तो आजार असू शकतो, चेष्टा नाही. आधी आपलं नाव सांगा, गाव सांगा, मग बसा. आणि विसरणं वाढत असेल तर डॉक्टरकडं न्या. एवढंच, आपल्या बोलीत. मग बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या, त्या बराच वेळ चालल्या.

आता लोक माझ्या त्या बोलण्याची फीत मागून घेतात. शहापूरच्या रिक्षावाल्यांनी आपापल्या गाडीत लावलीय. रेशन दुकानदारानं रांगेसमोर कर्ण्यावर लावली. ज्याच्याकडं साधा फोन आहे त्याला तिथं ऐकू येते. बाईंनी आता पुढच्या सगळ्या फिती तशाच करायच्या ठरवल्यात.

नाव घेतलं नाही हे खरं, पण वाक्य तुझं चोरलं. रागावलीस तर सुनिलबरोबर दोन शब्द पाठव, चार नको.

जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझा,
रवी

---

जांभूळवाडी
१६ जानेवारी २०२५

चि. रवीस तिळगुळाचे आशीर्वाद. लाडू सुनिलकडे दिलेत, पोचतील तेवढे तुझे.

दोन शब्द मागितलेस, मी आठ देते. लाइव्हवर माझंच वाक्य ऐकून माझ्या हातातलं सूप पडलं, वाल सगळे अंगणभर. आता कळणार सगळ्यांना, असं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, जरा मिरवावंसंही वाटलं. माझं वाक्य, आणि तालुक्याभर.

पण आमच्या वाडीत काय झालंय ते बघायला ये. विसरणारा कोण आणि न विसरणारा कोण हे कोणाला माहीत नाय, म्हणून सगळे सगळ्यांना नाव सांगत सुटलेत. ताराबाई आजी नव्वदीची, पण आख्ख्या वाडीची वंशावळ तोंडपाठ. तिला तिच्या नातवानं दारात उभं राहून नाव, गाव, तालुका सांगितलं तर तिनं काठी घेतली. म्हणाली, मेल्या, तुझी नाळ मी कापली, मला कोण तू ते सांगतोस? गोजर आपल्या सासऱ्याला रोज नाव सांगतो, सासरा रोज त्याला सांगतो की नाव माहीत आहे, काम सांग. सुनिल तर टेम्पोचा हॉर्न वाजवला की खिडकीतून नाव ओरडतो.

आणि ह्यात तुझे दाजी काय झाले माहीत आहे? सगळ्यांसारखे झाले. त्यांना नाव सांगितलं तर कोणी वळून बघत नाय, कारण आता सगळ्यांनाच सांगतात. मंगळवारी सात-आठ माणसं संक्रांतीला येऊन गेली, ह्यांना घाम आला नाय. जया वन्संचा तर फोन आला. त्या रडल्या. ताई, दिवाळीला मी दादाला काय केलं गं, म्हणाल्या. हो, मला ताई म्हणाल्या, आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या.

सगळं चांगलं आहे. तरी वाडीला माहीत नाय की हे ह्यांचंच आहे. खर्डीला तर मुळीच नाय. तुझा अंतिम सामना झाला की दुसऱ्या रविवारी धर्मा भाऊ येतो म्हणालेत. तोवर कडी राहील. माझ्यावर चिडू नको. पोरीचं एकदा जमू दे.

आपुलकी ढळू देऊ नको.

तुझी,
कमळताई

---

जांभूळवाडी
२८ जानेवारी २०२५

चि. रवीस आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाय तर योगिनीकडून वाचून घे.

रविवारी अंतिम सामना होता. खर्डी आणि किन्हवली. मितेश खेळत होता, म्हणून भाविका फोन हातातून सोडंना. अर्धी वाडी आमच्या अंगणात, रेंज इथंच ना. हे खुर्चीत बसून ऐकत होते, तुझा आवाज आला की मान डोलवत होते. कोणीतरी आत आलं किंवा बाहेर गेलं आणि कडी घालायची राहिली. मी आत पाणी आणायला गेले. बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी.

आधी विहीर बघितली. मग ओढा, मग गोजरचं घर, मग देऊळ. नाहीत. मला दिसायचं बंद झालं. गोजर म्हणाला, रवीला फोन लाव, माईकवर सांगेल. मी त्याच्यावर ओरडले की नको. खर्डी बघतेय, आख्खी खर्डी बघतेय. आणि ओरडता ओरडता माझं मलाच ऐकू आलं रे. माणूस हरवलाय आणि मी खर्डीचा विचार करतेय. भाविकानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या हातातून फोन घेतला.

तुला काय सांगितलं ते मला आठवत नाय. नाव घे एवढं सांगितलं असणार, कारण तू घेतलंस.

मग जे झालं ते मला रंभाबाईनं सांगितलं. ती सरळगावच्या नाक्यावर वालाच्या शेंगा आणि काकड्या घेऊन बसते. टोपलीशेजारी तिचा फोन लावलेला असतो, भाचा किन्हवलीकडून खेळतो. तुझं ऐकलं आणि वर बघितलं तर एक म्हातारा माणूस समोर उभा, एस.टी.वाल्यांना विचारतोय की मैदानावर कुठली गाडी जाते. ती उठली नाय, ओरडली नाय. म्हणाली, बाबा, मी रंभा, सरळगावची. माझे पाय दुखतायत, माझ्याजवळ बसा. चहा मागवला. त्यांना चहा दिला आणि मग शेंगा निवडायला दिल्या. आम्ही सुनिलच्या टेम्पोनं पोचलो तेव्हा तुझे दाजी गिऱ्हाईकाला शेंगा घालत होते, मापावर वर मूठभर जास्त, आणि रंभाबाई कपाळाला हात लावून हसत होती.

मी विचारलं, कुठं निघाला होता. म्हणाले, अंतिम सामना आहे आणि पंच नाही, असं कसं चालेल.

मी रस्त्यावर, सगळ्यांसमोर, त्यांचा हात धरला. आमच्याकडं कोणी असा धरत नाय.

आता सगळ्यांना माहीत आहे. खर्डीचं काय ते तूच कळव. मला फोन लावायची हिंमत नाय.

सांभाळून घे.

तुझी,
ताई

---

सापगाव
३० जानेवारी २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार, या वेळी पूर्ण, पाठ मोडली तरी चालेल.

तुझ्या बाजूचं कळलं, माझ्या बाजूचं ऐक.

समालोचन करताना मी फोन उचलत नाही. तुझं नाव पुन्हा पुन्हा दिसलं तेव्हा उचलला. तू म्हणालीस, नाव घे रवी, सगळं सांग, माझा माणूस हरवलाय. मितेश गोलंदाजीला धावत येत होता. मग मी म्हटलं, खेळ थांबवा.

मी सांगितलं की जांभूळवाडीचे रघू पंच घरातून निघालेत. मातकट सदरा, पांढरी टोपी. त्यांना स्मृतिभ्रंश आहे, आणि ते माझे दाजी आहेत. भेटले तर ओळखलं का विचारू नका, आपलं नाव सांगा, बसवा, चहा द्या, मला फोन करा. दाजी म्हणताना माझा आवाज फाटला. इतक्या वर्षांत माईकवर पहिल्यांदा.

दोन्ही पंचांनी टोप्या काढल्या, ताई. दोघेही दाजींच्या हाताखाली शिकलेले. मितेश चेंडू हातात घेऊन तसाच उभा. खेळाडूंनी आपापल्या नातेवाइकांना फोन लावले, मैदान नव्हे टेलिफोन ऑफिस वाटत होतं. रंभाबाईंचा फोन आला आणि मी म्हणालो, सापडले, तेव्हा जो आवाज झाला तो कुठल्याही षटकाराला झालेला मी ऐकला नाही. सामना नंतर किन्हवलीने जिंकला. कोणाच्या लक्षातही नाही.

आता खर्डी. सामना संपल्यावर मितेश माझ्याकडं आला. मला वाटलं, झालं. तो म्हणाला की मामा, मला माहीत होतं. भाविकाने त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, बाबांचं असं आहे, चालत असेल तर पुढं बोल. म्हणजे तू इतके महिने ज्या दाराला कडी घालून बसलीस, ते तुझ्या लेकीने केव्हाच सताड उघडलं होतं. पोरगी तुझ्यावर गेली नाही, देवाची कृपा.

पण धर्मा भाऊंना माहीत नव्हतं. त्यांचा काल फोन आला. आवाज जड होता. म्हणाले, रविवारी येतो, बोलायचं आहे, आणि ठेवला. काय बोलायचं ते सांगितलं नाही. मितेश म्हणतो, बापाच्या मनातलं बापालाच ठाऊक. मीही येतोच आहे, पण रात्रपाळी आटपून यायला दुपार होईल. काय होईल ते होऊ दे. दाजींना फाटकाआड ठेवू नको.

पाठीशी उभा आहे, हाक मारायचीही गरज नाही.

तुझा,
रवी

---

जांभूळवाडी
११ फेब्रुवारी २०२५

चि. रवीस अनेकानेक आशीर्वाद. या वेळी वाटून घ्यायची गरज नाय, भरपूर आहेत.

त्या रविवारी तू दुपारी आलास, निम्मं तेव्हा होऊन गेलं होतं. तुला त्या गोंधळात सांगता आलं नाय, म्हणून लिहिते.

सकाळी मी कडी काढून टाकली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं की वाट मोकळी ठेवा, पण लक्षही ठेवा. म्हणून फाटकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. फाटक हललं की घरभर कळतं. ह्यांना खुर्चीत, नव्या सदऱ्यात, समोरच बसवलं. मग घंटा वाजली आणि खर्डीची माणसं आत आली.

धर्मा भाऊ सरळ ह्यांच्यापुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, मी धर्मा, खर्डीचा, वडिलांचं नाव कान्हा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. त्यांच्यामागं त्यांची बायको, मग दीर, मग भाऊबंद, सगळे रांगेत, एकेक नाव सांगून पुढं सरकतायत. सगळ्यांच्या शेवटी मितेश, कानापर्यंत लाल. ह्यांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि धर्मा भाऊंना सांगितलं की रेशनकार्डासाठी आला असाल तर ऑफिस मुरबाडला आहे. अख्खं अंगण हसलं. हेही हसले. त्या दिवाळीसारखं नाय, सगळ्यांबरोबर हसले.

मग धर्मा भाऊ माझ्याकडं वळले. म्हणाले, आमची एक अट आहे. मला वाटलं, मोडलं लग्न. ते म्हणाले, वाशिंदचा हॉल नको. डॉक्टरीणबाईंच्या नव्या फितीत ऐकलंय की अनोळखी जागा आणि गर्दी अशा माणसाला त्रास देते. लग्न इथंच, ह्या अंगणात, वरात आम्ही आणू. मुलीचा बाप आपल्या खुर्चीत बसलेला पाहिजे. पुढं तू आलास आणि साखरपुडा ठरला, ते तुला माहीत आहे. मी चहा करायला गेले, आणि साखर दोनदा घातली, ते तू सगळ्यांना सांगत सुटलास तेही कळलं.

आता खरं लिहायचं ते.

काल संध्याकाळी मी रानातून लाकडाची मोळी घेऊन आले. घंटा वाजली, ह्यांनी वर बघितलं. आणि मला दिसलं की त्यांना मी सापडत नाय. बघत होते, शोधत होते, कपाळावर तोच घाम. एवढं सगळ्यांना शिकवलं, रवी, पण ही वेळ माझ्यावर येईल असं कधी मनात आलं नव्हतं. वाटलं, विचारावं, अहो मी, मला ओळखलं नाय का. अगदी ओठावर आलं होतं.

मी मोळी खाली टाकली. त्यांच्यासमोर बसले. लग्नात घास भरवताना पुढं ढकलून ढकलून त्यांचं नाव घ्यायला लावलं होतं मला, माझं नाव मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कधी आली? काल सांगितलं. म्हटलं, मी कमळ. जांभूळवाडीची. तुमची बायको.

त्यांनी जरा वेळ बघितलं. घाम पुसला. मग म्हणाले की एवढं ओझं घेऊन आलीस, दमली असशील, आणि मला विचारलं, जेवलीस का.

संसाराला इतकी वर्षं झाली, रवी. आजवर मीच विचारत आले. त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, नाय जेवले. मग दोघं बरोबर जेवलो.

उद्यापासून रोज नाव सांगावं लागलं तरी चालेल. जीव लावत राहा, बाबा.

तुझी,
कमळताई